अभिप्रायाची वही

[चित्रांचे प्रदर्शन पाहताना काही चित्रे चटकन आवडतात. काही चित्रांपुढे मात्र आपण गोंधळून जातो. ‘हे कशाचे चित्र?’ असा प्रश्न आपल्याला पडतो. अशाच एका प्रदर्शनात लेखकाच्या भाचीला आलेला अनुभव या पाठात सांगितला आहे. चित्र कसे पाहावे आणि मत देण्याची घाई का करू नये, हे या पाठातून समजते.]

माझी भाची छत्रपती संभाजीनगरातील एका उर्दू माध्यमाच्या शाळेत नववीत शिकते. तिला चित्रकलेची फार आवड. एलिमेंटरीच्या परीक्षेत तिला ‘अ’ श्रेणी मिळाली, तेव्हापासून घरात तिचा रुबाब वाढला आहे. दौलताबादचा किल्ला, फुललेला गुलमोहर, अंगणातला माठ अशी तिची चित्रे तिच्या अम्मीने भिंतीवर लावली आहेत. जे जसे दिसते ते तसेच्या तसे काढणे म्हणजे चित्र, असे तिचे ठाम मत होते.

डिसेंबर महिन्यातली गोष्ट. ती वर्तमानपत्र घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मामू, आपल्या शहरात चित्रांचं प्रदर्शन भरलं आहे. विषय आहे ‘समुद्र, निसर्ग आणि अमूर्त’. अमूर्त म्हणजे काय?”

मी म्हणालो, “ज्यात माणूस, झाड, घर अशी ओळखीची वस्तू दिसत नाही, ते अमूर्त चित्र.”

“मग त्यात दिसतं तरी काय?”

“आपण पाहूनच येऊ.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही प्रदर्शनाला गेलो. एकाच चित्रकार बाईंची चित्रे तीन दालनांत मांडली होती. दारापाशी एका टेबलावर फुलदाणी होती आणि शेजारी एक जाड वही होती. वहीवर लिहिले होते, ‘कृपया आपला अभिप्राय नोंदवा.’

पहिले दालन समुद्राचे होते. माझ्या भाचीने समुद्र कधी पाहिलेला नाही. आपले शहर समुद्रापासून खूप दूर आहे. तिने पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे पैठणजवळचा जायकवाडीचा नाथसागर. ती एका मोठ्या चित्रापुढे थांबली. त्यात वरच्या बाजूला करडे आभाळ होते, खाली मातकट पाणी होते आणि मध्ये पांढऱ्या फेसाची एक लांब रेघ होती.

“मामू, रंग चुकला आहे,” ती हळूच म्हणाली. “समुद्र निळा असतो. हा तर चहासारखा दिसतो.”

“चित्राखालची चिठ्ठी वाच,” मी म्हणालो.

चिठ्ठीवर ‘जुलै, कोकण. कॅनव्हासवर तैलरंग’ असे लिहिले होते. मी तिला समजावून सांगितले, “पाण्याला स्वतःचा रंग फार थोडा असतो. समुद्र निळा दिसतो, कारण सूर्यप्रकाशातला तांबडा रंग खोल पाण्यात शोषला जातो आणि निळा रंग आपल्यापर्यंत परत येतो. वरच्या आभाळाचं प्रतिबिंबही त्यात मिसळतं. पण पावसाळ्यात आभाळ काळवंडलेलं असतं. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या लाल माती घेऊन समुद्राला मिळतात. लाटा तळाची वाळू आणि गाळ ढवळून काढतात. त्या दिवसांत कोकणातला समुद्र असाच मातकट दिसतो. तू पुस्तकातला समुद्र पाहिलास. या बाईंनी जुलै महिन्यातला समुद्र पाहिला.”

ती पुन्हा चित्राकडे पाहू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, “म्हणजे रंग चुकला नाही. मलाच माहीत नव्हतं.”

दुसरे दालन निसर्गाचे होते. तेथे पानगळीतला साग होता, अजिंठ्याकडच्या डोंगरांवर उतरलेला पाऊस होता, उन्हात तापलेली काळी जमीन होती. भाची सवयीप्रमाणे अगदी चित्राला नाक लावून पाहू लागली. “येथे तर नुसते रंगाचे फटकारे आहेत,” ती म्हणाली. मी तिला चार पावले मागे यायला सांगितले. मागे येताच ते फटकारे एकमेकांत मिसळले आणि वाऱ्याने हलणारे झाड उभे राहिले. तिला मोठी गंमत वाटली. मग तो तिचा खेळच झाला. जवळ गेले की ठिपके, लांब आले की झाड! चित्र एकदा जवळून आणि एकदा लांबून पाहावे लागते, ही गोष्ट ती कोणी न शिकवता शिकली. काही चित्रांच्या चिठ्ठीवर लहानशी लाल टिकली होती. ती चित्रे विकली गेली आहेत, हेही तिला कळले.

मग आम्ही तिसऱ्या दालनात गेलो.

तेथे झाडे नव्हती, डोंगर नव्हते, लाटा नव्हत्या. एका चित्रात फक्त दोन रंग होते. दुसऱ्यात एकच मोठे वर्तुळ होते. शेवटच्या भिंतीवर एक लांबट राखाडी चित्र होते. त्यावर बारीक आडव्या रेघा होत्या. खाली त्या दाट होत्या. वर जाताना त्यांच्यातले अंतर वाढत होते आणि सर्वांत वर जागा रिकामी होती. भाचीने इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि ती मोठ्याने हसली.

“मामू, हे तर माझी छोटी बहीणसुद्धा काढील!”

कोपऱ्यातल्या खुर्चीवर सुती साडी नेसलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा आपल्या हातातल्या पुस्तकात डोके घातले.

बाहेर पडताना भाचीने वही उघडली आणि सुंदर अक्षरांत लिहिले, ‘समुद्र आणि झाडे आवडली. तिसऱ्या दालनात काहीच नाही.’ खाली तिने आपले नाव आणि इयत्ता लिहिली. मी तिला अडवले नाही. तिचे मत तिने लिहिले, यात मला काही वावगे वाटले नाही.

आम्ही चपला घालत होतो, तेवढ्यात त्या बाई उठून टेबलापाशी आल्या. त्यांनी वही उघडली, शेवटचे पान वाचले आणि वही सावकाश मिटून ठेवली. कोणीतरी त्यांना हाक मारून विचारले, “बाई, ते समुद्राचं चित्र तुम्ही कुठे बसून काढलंत?”

भाचीचा चेहरा एकदम उतरला. “मामू,” ती माझा हात धरून म्हणाली, “चित्रं त्यांचीच होती. मी हसले, ते त्यांनी ऐकलं.”

रिक्षातून घरी येईपर्यंत ती एक शब्दही बोलली नाही.

रात्री जेवण झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. “माझं मत खरं होतं, मामू. मला त्यात काहीच दिसलं नाही. मग मला वाईट का वाटतं?”

मी तिला एक कोरा कागद आणि पेन्सिल दिली. म्हणालो, “तुझी छोटी बहीण काढील म्हणालीस ना? तू काढून दाखव. पट्टी न वापरता वीस आडव्या रेघा. खाली दाट, वर विरळ.”

ती उत्साहाने बसली. पाचव्या रेघेपर्यंत ठीक होते. सातवी रेघ वाकली. दहावी नवव्या रेघेला जाऊन चिकटली. तिने कागद उलटा केला आणि पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या वेळी तिने कंपासपेटीतून पट्टी काढली. पट्टीने रेघा सरळ आल्या, पण चित्र वहीच्या पानासारखे दिसू लागले.

“पट्टी घेतली तरी जमत नाही,” ती वैतागून म्हणाली. “दोन रेघांत किती अंतर ठेवायचं, ते कसं ठरवायचं?”

“हाच तर खरा प्रश्न आहे,” मी म्हणालो. “याच प्रश्नावर एका चित्रकार स्त्रीने आपलं सगळं आयुष्य वेचलं. तिची गोष्ट ऐक.”

मी तिला नसरीन मोहम्मदी यांच्याविषयी सांगितले.

नसरीन यांचा जन्म १९३७ साली कराचीत झाला. त्या लहान असतानाच त्यांची आई वारली. पुढे त्यांचे कुटुंब मुंबईला आले. १९५४ ते १९५७ या काळात त्यांनी लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत शिक्षण घेतले. परत आल्यावर त्या मुंबईच्या भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत चित्रे काढू लागल्या. ही संस्था समुद्राजवळ होती. तेथे अनेक चित्रकार, नाटककार आणि वादक शेजारी शेजारी बसून आपापले काम करत.

सुरुवातीच्या काळात नसरीन यांच्या चित्रांत झाडाच्या फांद्या, वाळू, किनारा यांची आठवण होईल असे आकार असत. हळूहळू फांदी गेली, वाळू गेली, किनारा गेला. उरली ती रेघ. १९७२ पासून त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कला शिकवू लागल्या. जमिनीवर बैठक, समोर उतरते मेज, कागद, पेन्सिल आणि शाई एवढ्यावर त्यांचे काम चाले. इमारतींचे नकाशे काढणारे लोक वापरतात तशी साधने त्या वापरत. आपल्या चित्रांना त्या नावे देत नसत. त्यांना छायाचित्रे काढण्याचाही छंद होता. समुद्राच्या लाटांनी वाळूवर उमटवलेल्या ओळी, फरसबंदीच्या रेषा, उन्हाच्या तिरक्या सावल्या त्यांनी टिपल्या. ही छायाचित्रे त्यांनी हयातीत प्रदर्शनात मांडली नाहीत.

“मग त्या प्रसिद्ध झाल्या का?” भाचीने विचारले.

“आधी पुढचं ऐक. स्नायूंवरचा ताबा हळूहळू कमी करणाऱ्या एका आजाराने त्यांना गाठलं. ज्या हाताने रेघ ओढायची, तोच हात त्यांचं ऐकेनासा झाला. तरीही त्या चित्रं काढत राहिल्या. त्या काळातली त्यांची चित्रं पाहिली, तर त्यांतल्या रेषा कुठेही डगमगलेल्या दिसत नाहीत.”

भाचीने आपल्या कागदावरच्या वाकड्या रेघांकडे पाहिले. तिचा हात तर अगदी निरोगी होता.

१९९० साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, नसरीन यांचे अलिबाग तालुक्यातील किहीम येथे समुद्रकाठी निधन झाले. याच किहीमला फार पूर्वी पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी सुगरणीच्या घरट्यांचे तासन्‌तास निरीक्षण केले होते. पुढे २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ‘मेट ब्रॉयर’ ही आपली शाखा सुरू केली. तेव्हा तेथे भरलेल्या पहिल्या प्रदर्शनांत नसरीन मोहम्मदी यांच्या चित्रांचे प्रदर्शन होते.

“अशी चित्रं आणखी कोणी काढली आहेत का?” भाचीने विचारले.

“पुष्कळांनी. त्यांपैकी दोघांचं आपल्या नागपूरशी नातं आहे,” मी म्हणालो.

वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपूरला झाला. त्यांचे घराणे मूळचे गोव्याचे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत ते शिकले. भुलाभाई देसाई संस्थेत तेही काम करत. ते कमी बोलत आणि चित्रेही मोजकीच काढत. कॅनव्हासवर ते रुळाने आणि रंगाच्या सुरीने रंगाचा एकेक थर पसरत, पुसत, खरवडत आणि पुन्हा पसरत. त्यांचे चित्र पाहताना धुक्यातून किंवा पाण्याच्या तळातून प्रकाश वर येतो आहे असे वाटते. पण ते समुद्राचे चित्र नसते. ‘हे चित्र कशाचे?’ याचे उत्तर त्यांनी पाहणाऱ्यावर सोपवले. २००१ साली ते वारले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले.

सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ साली मध्य प्रदेशातल्या बाबरिया या गावी झाला. त्यांचे वडील जंगलखात्यात होते. त्यामुळे त्यांचे बालपण मोठमोठ्या झाडांच्या आणि नर्मदा नदीच्या परिसरात गेले. लहानपणी त्यांचे लक्ष अभ्यासात स्थिर राहत नसे. तेव्हा त्यांच्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि ‘फक्त याच्याकडे पाहत राहा’ असे सांगितले. रझा नागपूर आणि मुंबई येथे चित्रकला शिकले आणि १९५० साली फ्रान्सला गेले. बरीच वर्षे त्यांनी निसर्गचित्रे काढली. पुढे तोच लहानपणीचा ठिपका ‘बिंदू’ होऊन त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी येऊन बसला. झाड उगवण्याआधी जसे बी असते, तसा तो बिंदू. २०१६ साली त्यांचे दिल्लीत निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडला येथे वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन करण्यात आले.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्यांची गोष्ट मला आवडली, मामू. पण गोष्ट आवडली म्हणून चित्र आवडतंच असं नाही. माझ्या डोळ्यांना तिथे खरंच काही दिसलं नाही.”

तिचा हा प्रामाणिकपणा मला आवडला. मी म्हणालो, “बरोबर आहे. उद्या रविवार आहे. उद्या आपण बीबी-का-मकबरा पाहायला जाऊ.”

“तो तर मी दहा वेळा पाहिला आहे!”

“तरी जाऊ.”

सकाळी निघताना मी माझ्या अम्मीला, म्हणजे भाचीच्या नानीला, ट्रंकेतली हिमरूची शाल काढायला सांगितले. हिमरू ही आपल्या शहराची जुनी कारागिरी. सूत आणि रेशीम एकत्र विणून हे कापड करतात. शालीवर फुले विणलेली होती. मी विचारले, “ही कोणती फुलं आहेत?”

भाची शाल उजेडात धरून पाहू लागली. “गुलाब नाही. मोगराही नाही. असं फूल तर कुठंच नसतं. पण फूलच आहे.”

“विणकराने फुलाचा नेमका रंग सोडला, वास सोडला, पाकळ्यांची संख्या सोडली. फक्त त्याचं उमलणं ठेवलं.”

नानी हसून म्हणाली, “तीस वर्षं ही शाल वापरते मी. कशाचं फूल म्हणून कधी कोणी विचारलं नाही.”

बीबी-का-मकबरा ही वास्तू सतराव्या शतकात औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने आपली आई दिलरसबानू बेगम हिच्या स्मरणार्थ बांधली. आम्ही पायऱ्या चढून आत गेलो. कबर खालच्या बाजूला आहे. तिच्याभोवती संगमरवरी जाळीचा अष्टकोनी कठडा आहे. मी भाचीला जाळीसमोर उभे केले आणि तिचाच प्रश्न तिला विचारला, “हे कशाचं चित्र आहे?”

“कशाचंच नाही. ही नक्षी आहे.”

“मग लोक इतक्या लांबून पाहायला का येतात?”

ती उत्तर द्यायला लागली आणि मध्येच थांबली. तिची नजर जाळीच्या एका रेषेबरोबर चालू लागली. रेषा पुढे गेली, वळली, दुसऱ्या रेषेला भेटली. एका आकारातून दुसरा आकार निघाला. तो संपतो आहे असे वाटेपर्यंत तिसरा सुरू झाला. नक्षी कोठे सुरू होते आणि कोठे संपते, ते सांगता येईना.

“संकल्पचित्राच्या पेपरात आम्ही असंच काढतो,” ती म्हणाली. “तेव्हा कशाचं चित्र, असं सरही विचारत नाहीत.”

मग ती आणखी थोडी जवळ गेली. हात मात्र तिने मागे बांधून ठेवले होते. “मामू, कारागिराने दगड कोरून काढला, तिथे भोक राहिलं. तिथे काहीच नाही.”

“हं.”

“पण ती भोकं नसती, तर ही नुसती भिंत झाली असती. उजेड त्यांतूनच आत येतो.” तिने माझ्याकडे पाहिले. “मी वहीत लिहिलं होतं, ‘काहीच नाही’.”

मी काही बोललो नाही. काही गोष्टी आपल्या आपणच समजाव्या लागतात.

“प्रदर्शन किती वाजेपर्यंत उघडं असतं?” तिने विचारले.

त्या दिवशी प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता. आम्ही दुपारीच तेथे पोहोचलो. भाची पहिल्या दोन दालनांतून सरळ पुढे गेली आणि त्या राखाडी चित्रासमोर उभी राहिली. आधी जवळ, मग लांब. मग ती समोरच्या बाकावर बसली. पाच मिनिटे गेली, दहा मिनिटे गेली. मी तिला काही विचारले नाही.

शेवटी तीच म्हणाली, “मामू, खालच्या रेघा दाट आहेत ना, तिथून नजर आपोआप वर जाते. जसजशा रेघा विरळ होतात, तसतसा मी श्वास सोडते. वर पोहोचल्यावर एकदम मोकळं वाटतं. नाथसागराच्या भिंतीवर चढून पहिल्यांदा पाणी पाहिलं, तेव्हा असंच वाटलं होतं.”

मग तिने शेजारच्या चित्राकडे पाहिले. “ते वर्तुळ मात्र मला अजूनही आवडत नाही.”

“आवडलंच पाहिजे अशी सक्ती नाही. पण आता तू पाहून सांगते आहेस.”

चित्रकार बाई कोपऱ्यात त्याच खुर्चीवर बसल्या होत्या. भाची त्यांच्याजवळ गेली. तिने सलाम केला आणि एका दमात म्हणाली, “बाई, काल मी तुमच्या चित्राला हसले होते. वहीत वाईटही लिहिलं होतं. ते पान मी फाडून टाकू का?”

बाईंनी तिला शेजारी बसवून घेतले. “तू वाईट लिहिलं नव्हतंस. तुला जे वाटलं ते लिहिलं होतंस. पान फाडू नकोस. आज काय वाटलं ते त्याच्याखाली लिही. दोन्ही तुझीच मतं आहेत.”

“ते राखाडी चित्र समुद्राचं आहे का?”

“तुला तिथे समुद्र दिसला?”

“समुद्र मी पाहिलेलाच नाही. मला नाथसागर दिसला.”

बाई मनापासून हसल्या. “मी कोकणातली. मला तिथे माझा किनारा दिसतो. तुला नाथसागर दिसला. एकाच चित्रात दोघींची जागा झाली, याहून चित्राने आणखी काय करायचं?”

भाचीने वही उघडली. आदल्या ओळींवर तिने काट मारली नाही. त्यांच्याखाली तिने लिहिले, ‘मी लिहिले होते की येथे काहीच नाही. तेव्हा मी नीट पाहिलेच नव्हते. आज राखाडी चित्रापुढे बराच वेळ बसले. मला सगळे समजले नाही. पण येथे काहीतरी आहे.’

परत येताना मी तिला म्हणालो, “पुढच्या सुट्टीत तुला मुंबईला नेतो. काळाघोड्याजवळ जहांगीर कलादालन आहे. १९५२ सालापासून तिथे चित्रकारांची प्रदर्शनं भरतात. समोरच्या बाजूला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. दोन्ही पाहू.”

“आणि समुद्र?”

“तोही पाहू. मे महिन्यात जाऊ या का?”

ती क्षणभर विचार करून म्हणाली, “नको मामू, जुलैमध्ये जाऊ या. मला मातकट समुद्र पाहायचा आहे.”

शब्दार्थ

अभिप्राय – मत. दालन – मोठी खोली. अमूर्त – ज्यात ओळखीचा आकार नाही असे. रुबाब – ऐट. मातकट – मातीच्या रंगाचा. फटकारा – कुंचल्याने जोरात ओढलेला रंगाचा पट्टा. वावगे – गैर, चुकीचे. विरळ – दाट नसलेले. वैतागणे – कंटाळून चिडणे. आयुष्य वेचणे – सगळे जीवन एका कामासाठी देणे. डगमगणे – अस्थिर होणे. फरसबंदी – दगडी लाद्या बसवलेली जमीन. हयातीत – जिवंत असताना. स्मरणार्थ – आठवण म्हणून. कठडा – आधारासाठी किंवा संरक्षणासाठी बांधलेली कमी उंचीची भिंत. काट मारणे – लिहिलेले खोडणे.

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाच्या भाचीने पाहिलेले सर्वांत मोठे पाणी कोणते?
(आ) चित्राच्या चिठ्ठीवरील लाल टिकलीचा अर्थ काय?
(इ) नसरीन मोहम्मदी कोणत्या विद्यापीठात कला शिकवत होत्या?
(ई) रझा यांच्या गुरुजींनी भिंतीवर काय काढले?
(उ) हिमरू कापड कशापासून विणतात?

प्रश्न २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पावसाळ्यात कोकणातला समुद्र मातकट का दिसतो?
(आ) रेघा काढताना भाचीला कोणती अडचण आली?
(इ) चित्रकार बाईंनी वहीचे पान का फाडू दिले नाही?

प्रश्न ३. कारणे लिहा.
(अ) प्रदर्शनातून बाहेर पडताना भाचीचा चेहरा उतरला.
(आ) मकबऱ्याची जाळी पाहून भाचीला आपल्या अभिप्रायाची आठवण झाली.
(इ) भाचीला मुंबईला मे महिन्याऐवजी जुलैमध्ये जायचे आहे.

प्रश्न ४. कोण कोणास म्हणाले ते लिहा.
(अ) “रंग चुकला आहे.”
(आ) “तीस वर्षं ही शाल वापरते मी.”
(इ) “दोन्ही तुझीच मतं आहेत.”

प्रश्न ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
दाट, रिकामी, निरोगी, सरळ, जवळ

प्रश्न ६. कागद, शाई, रंग, नक्षी, दालन, जागा हे शब्द मराठीत आणि उर्दूत सारख्याच किंवा थोड्या वेगळ्या रूपात वापरले जातात. प्रत्येकाचे उर्दू रूप शोधा आणि तो शब्द वापरून मराठीत एक वाक्य लिहा.

उपक्रम : आपल्या घरातील शाल, चादर, भांडे, खिडकी किंवा जाळी यांवरील एक नक्षी निवडा. पाच मिनिटे तिच्याकडे पाहा. तुम्हांला काय दिसले आणि काय वाटले, ते आठ-दहा ओळींत लिहा. दुसऱ्या दिवशी तीच नक्षी पुन्हा पाहा आणि पहिल्या ओळी न खोडता त्यांच्याखाली नवा अभिप्राय लिहा.